गाडीच्या पोटातली जाळी

गाडीतला जवळपास प्रत्येक पार्ट आत बसलेल्या माणसासाठी असतो. ब्रेक त्याचा जीव वाचवतो, एसी त्याचा घाम पुसतो, हॉर्न त्याची घाई रस्त्यावर सगळ्यांना कळवतो. एक पार्ट मात्र गाडीच्या मागे उभ्या असलेल्या माणसासाठी बसवलेला असतो. तो बिघडला तरी आत बसलेल्याला बरेच दिवस काही कळत नाही आणि नीट चालला तरी त्याला काही मिळत नाही. त्याचं नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. गॅरेजमध्ये त्याला नुसतं ‘कॅट’ म्हणतात. आमच्या गल्लीत म्हणतात ‘सायलेन्सरमधली जाळी’.

२०२३ च्या उन्हाळ्यात या जाळीवरून आमच्या घरात मोठं भांडण झालं. आम्ही भवानी पेठेत राहतो. बाबा तीस वर्षं यंत्रमागावर होते. आई अजूनही घरी विड्या वळते. मी केमिस्ट्रीत एमएस्सी केलं आणि अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेते. घरातला मोठा पैसा येतो तो दादाच्या व्हॅनमधून. शाळेच्या दिवसांत तो पोरांची ने-आण करतो, सुट्टीत तुळजापूर-अक्कलकोटच्या भाविकांचं भाडं मारतो. व्हॅन २०१८ ची, पेट्रोलवरची, सेकंडहँड घेतलेली. तिचे हप्ते तेव्हा चालू होते, म्हणजे ती एक दिवस उभी राहिली तरी आमच्या घरात ते जाणवायचं.

त्या एप्रिलमध्ये ती तुळजापूरचा घाट चढेना. सपाटीला ठीक चालायची, पण चढाला पाय पूर्ण दाबला तरी इंजिन नुसतं घुमायचं आणि गाडी बैलगाडीसारखी सरकायची. कुठे थांबलं की कुजक्या अंड्यासारखा वास यायचा. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा असतो, तो काही महिने पेटलेलाच होता. दादानं त्यावर गणपतीचं स्टिकर लावलं होतं. त्याला दोष देत नाही मी. सकाळी पावणेसातला पोरं दारात उभी असतात. ‘आज दिवा पेटलाय, येत नाही’ असं त्यांच्या आयांना कोण सांगणार?

गॅरेजला मीही सोबत गेले. मिस्त्रींनी आधी काही उघडलं नाही. दादाला म्हणाले, “मालक, एक गंमत बघा.” जाळीच्या आधी, एक्झॉस्टच्या पाइपात एक ऑक्सिजन सेन्सर असतो. तो त्यांनी काढून ठेवला आणि गाडी तशीच पळवली. कानठळ्या बसवणारा आवाज झाला, पण पिकअप परत आला. सेन्सरच्या भोकातून धुराला वाट मिळाली, म्हणून इंजिन मोकळं झालं. म्हणजे पुढची वाट बंद होती. “जाळी चोक हाय,” मिस्त्री म्हणाले. मग कॅटवर बोटांनी टकटक केलं, तर आतून खुळखुळ्यासारखा आवाज आला.

त्यांनी तीन वाटा सांगितल्या. नवीन कॅट, कंपनीचं, चाळीस हजारांच्या आसपास. दुसरी, अ‍ॅसिडनं धुणं, दीड हजार. आणि तिसरी: “आतली जाळी फोडून टाकतो. पाइप रिकामा. गाडी हरणावानी पळती बघा. आणि आतल्या मातीचे सहा हजार वरनं मिळतील, घेणारा हाय.”

दादाचा चेहरा उजळला. चाळीस हजार घालवणं आणि सहा हजार मिळवणं यात फरक सेहेचाळीस हजारांचा होता. हप्ते भरणाऱ्या माणसाला एवढं गणित पाठच असतं.

मी मिस्त्रींकडून दोन दिवस मागून घेतले. अभ्यासक्रमात मी दरवर्षी शिकवते, की उत्प्रेरक म्हणजे कॅटॅलिस्ट अभिक्रियेचा वेग वाढवतो आणि शेवटी स्वतः जसाच्या तसा राहतो. मग तसाच राहणारा पदार्थ पाच वर्षांत मरतो कसा?

आत काय असतं ते आधी सांगते. स्टीलच्या डब्यात सिरॅमिकची एक वीट असते, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. एका चौरस इंचात साधारण चारशे बारीक चौकोनी बोगदे. त्यांच्या भिंतींवर अ‍ॅल्युमिनाचा खडबडीत, स्पंजासारखा थर, आणि त्या थरात विखुरलेले प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचे डोळ्यांना न दिसणारे कण. सगळे मिळून काही ग्रॅम. इंजिनातून तीन विषारी गोष्टी येतात: कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं. ऱ्होडियम नायट्रोजनला ऑक्सिजनपासून सोडवतं. प्लॅटिनम आणि पॅलेडियम उरलेल्या दोघांना ऑक्सिजन देतात. बाहेर पडतो तो मुख्यतः नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ. यासाठी दोन अटी असतात. एक, हवा आणि पेट्रोल यांचं वजनी प्रमाण १४.७ ला १ च्या अगदी जवळ हवं. ते सांभाळायलाच तो ऑक्सिजन सेन्सर असतो. दोन, जाळी तापलेली हवी. अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसच्या खाली ती जवळपास झोपलेली असते.

या सगळ्यात जाळी खरंच खर्च होत नाही. ती मरते तीन प्रकारांनी. पहिला, गुदमरून: अर्धवट जळालेल्या पेट्रोलची काजळी बोगद्यांत साठते. दुसरा, विषानं: इंजिन ऑइल जळत असेल तर त्यातला फॉस्फरस आणि झिंक, भलत्याच सीलंटमधलं सिलिकॉन, घाणेरड्या इंधनातलं गंधक त्या धातूच्या कणांवर थर धरतं. कण तिथेच असतात, पण धुराला त्यांना हात लावता येत नाही. तिसरा, जळून: एखादा स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइल मिस मारू लागली, की त्या सिलिंडरमधलं कच्चं पेट्रोल थेट तापलेल्या जाळीवर जातं आणि तिथे पेटतं. तापमान हजार अंशांच्या पुढे जातं आणि सिरॅमिक वितळून बोगदे बंद होतात.

आता धुण्याचा प्रश्न. मोबाइलवर याचे शेकडो व्हिडिओ आहेत. कोणी टाकीत बाटली ओततं, कोणी थिनर टाकतं, कोणी कॅट काढून रात्रभर साबणाच्या पाण्यात भिजवतं, कोणी प्रेशरच्या पाण्यानं फवारा मारतं. वर सांगितलेले मृत्यूचे प्रकार डोक्यात ठेवले, की कशाचा उपयोग होईल ते आपलं आपल्यालाच कळतं. टाकीत ओतायच्या चांगल्या क्लीनरनं इंजेक्टर आणि ज्वलन सुधारतं, हलकी काजळी कमी होते. विष उतरत नाही आणि वितळलेलं सिरॅमिक परत उभं राहत नाही. थिनरनं इंधनाच्या लाइनमधली रबरं खराब होतात. जोराच्या फवाऱ्यानं आणि अ‍ॅसिडनं काजळीबरोबर तो मौल्यवान थरही निघू शकतो. म्हणजे जाळी स्वच्छ दिसते, पण काम करत नाही. काजळीचा दोष असेल तर सगळ्यात साधा इलाज म्हणजे आधी इंजिनाचा दोष काढायचा आणि मग गाडी हायवेवर वीस-तीस मिनिटं एका लयीत, थोड्या चढ्या आरपीएमवर चालवायची. जाळी पुरेशी तापली की काजळी आपोआप जळते.

मिस्त्रींनी सेन्सरच्या भोकातून कॅमेऱ्याची नळी आत घातली. मोबाइलच्या स्क्रीनवर आम्ही तिघांनी पाहिलं. अर्धी वीट काचेसारखी वितळून बसली होती, उरलेल्या भागाला तडा जाऊन तुकडे सुटले होते. दोन नंबरच्या सिलिंडरची कॉइल गेलेली निघाली. स्टिकरखालचा दिवा तेच सांगत होता. धुण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आता प्रश्न दोनच वाटांचा होता.

त्या मातीला सहा हजार का मिळतात, हे तुमच्यातल्या काहींना ठाऊक असेल. २०२१ च्या सुमारास गुजरातेत आणि आपल्या महाराष्ट्रात इको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जाण्याची लाटच आली होती. गाडी जागच्या जागी, काचा शाबूत, फक्त सकाळी स्टार्ट केली की ट्रॅक्टरसारखा आवाज. इकोच्या खाली सहज शिरता येतं, म्हणून चोरांचा तिच्यावर डोळा. पकडलेल्या टोळ्या सायलेन्सर फोडून आतली ‘माती’ विकत होत्या. त्या मातीत प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम. दक्षिण आफ्रिकेच्या आणि रशियाच्या खाणींतून निघालेले हे धातू भट्टीत गाळून पुन्हा नव्या जाळ्यांत वापरले जातात. म्हणजे कायदेशीर मार्गानं मोडीत गेलेली जाळी ही चांगलीच गोष्ट आहे. फरक एवढाच, की तिच्या जागी दुसरी बसली पाहिजे.

दादा म्हणाला, “मागचा टेम्पो काळा धूर सोडत चाललाय, त्याला कोण विचारतंय? माझ्या एका गाडीनं सोलापूर सुधारणारंय का?”

हा प्रश्न वेडगळ नाही. १८७७ मध्ये आपली पहिली कापड गिरणी सुरू झाल्यापासून या शहरानं धुराकडे रोजगार म्हणून पाहिलंय. जून २०२३ मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, तीही विमानांना अडथळा होते म्हणून. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत सोलापूरचं नाव आहे, पण आमच्या पेठेत ते किती जणांना माहीत असेल? ज्या गोष्टीसाठी शहर काही देत नाही, तिच्यासाठी एका व्हॅनवाल्यानं चाळीस हजार का द्यावेत?

मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, काळा धूर दिसतो तरी. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. दुसरी, चांगली तापलेली, निरोगी जाळी विषारी वायूंपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त साफ करते. म्हणजे दहा टक्के किंवा त्याहून कमी बाहेर येतात. जाळी फोडली तर शंभर टक्के येणार. तेव्हा जाळी फोडलेली एक व्हॅन धुराच्या हिशेबात दहा व्हॅन होते. शाळा सुटताना गेटवर आठ व्हॅन ओळीनं उभ्या असतात, इंजिन चालू. पोरं दोन गाड्यांच्या मधून वाट काढत आपली गाडी शोधतात. पहिलीतल्या पोराचं नाक सायलेन्सरपासून किती वर असतं, ते एकदा बघून ये.

“तू गप गं,” दादा म्हणाला. “पुस्तकातलं बोलू नको.”

मग मी कायद्याचं सांगितलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, आणि प्रदूषणाच्या नियमभंगाला कलम १९० खाली दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. त्यावर तो हसला. पीयूसीत बीएस-फोर पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. आमच्या गाडीचं त्या आठवड्यातलं रीडिंग १.८ होतं. तरी ‘करून देणारे’ असतातच, हे त्याला आणि मलाही माहीत होतं.

त्या रात्री मी त्याला शिशाची गोष्ट सांगितली, उपदेश म्हणून नाही, मला ती आवडते म्हणून. युजीन हूड्री नावाचा फ्रेंच इंजिनिअर अमेरिकेत होता. कच्च्या तेलापासून जास्त पेट्रोल काढायची उत्प्रेरकाची पद्धत त्यानं शोधली. पुढे त्याच पेट्रोलच्या धुराची त्याला काळजी वाटली आणि १९५० च्या दशकात त्यानं मोटारींसाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बनवला. पण तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं घालत. शिशानं उत्प्रेरकावर थर धरला, की खेळ खलास. हूड्री १९६२ मध्ये गेला. अमेरिकेत गाड्यांना सर्रास जाळ्या बसल्या त्या १९७५ च्या मॉडेलपासून, पेट्रोलमधलं शिसं काढायला सुरुवात झाल्यावर. आपल्याकडे एम. सी. मेहता यांच्या सर्वोच्च न्यायालयातल्या याचिकेनंतर हालचाल झाली. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर आणि शिसं नसलेलं पेट्रोल आलं. देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं १ फेब्रुवारी २००० ला. गंधकही असंच हळूहळू उतरलं: बीएस-फोरच्या पेट्रोलमध्ये दहा लाख भागांत ५० भाग, बीएस-सिक्समध्ये १०. जाळी तीच होती. तिच्यात काय पाठवायचं, ते बदलायला पन्नास वर्षं लागली.

दादा ऐकत होता, पण पैसे गोष्टीतून येत नाहीत. बाबा खोकत कुशीवर वळले. आई सुपातली तंबाखू सारखी करत होती. तिनं मध्येच विचारलं, “नव्यानं पोरांना काय होईल?”

“धूर कमी,” मी म्हणाले.

“मग घाला की नवी. ह्यांच्या छातीत सूत गेलं, माझ्या छातीत ही तंबाखू. आपल्याला पोटासाठी गिळावं लागलं. त्या पोरांचे आईबाप पैसे देतात ते गाडीत बसवायचे, धूर पाजायचे नव्हे.”

विड्यांच्या कारखान्यातल्या बायकांची तिची भिशी होती, लिलावाची. ज्याला गरज तो तोटा सोसून आधी उचलतो. माझ्या लग्नाच्या नावानं ती शेवटपर्यंत ठेवायची म्हणत होती. त्या महिन्यात तिनं ती उचलली, तीन हजार कमी घेऊन. दादा दोन दिवस कोणाशी बोलला नाही. आईच्या पैशानं दुसऱ्याच्या पोरांसाठी पार्ट घालायचा, हे त्याच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो सकाळीच गाडी घेऊन गॅरेजला गेला.

मिस्त्रींनी आधी कॉइल आणि चारही प्लग बदलले. ऑइल बदललं. “आधी रोग काढायचा, मग नवी जाळी. नायतर हीपण सहा महिन्यांत जाईल,” हे त्यांचं वाक्य मी आता वर्गात वापरते. जुनी जाळी एक्सचेंजला गेली आणि बिलातून तेवढे पैसे वजा झाले. दिवा विझला. पुढच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड ०.०४ टक्के आला.

आता आमच्याकडे ‘जाळी साफ करणं’ हा प्रकार नाही. जे करतो ते सगळं जाळीच्या अलीकडे असतं. दिवा पेटला की आठवड्याच्या आत स्कॅनर लावायचा, आणि गाडी हिसके देऊ लागली, दिवा लुकलुकू लागला तर लगेच थांबायचं. तो मिसफायरचा इशारा असतो आणि जाळी मिनिटांत जळू शकते. डिपस्टिक दर रविवारी बघायची. ऑइल कमी होत असेल तर ते कुठेतरी जळतंय, आणि त्याचा फॉस्फरस जाळीतच चाललाय. प्लग वेळेवर बदलायचे. बॅटरी उतरली तर धक्का मारत बसायचं नाही, कारण न जळालेलं पेट्रोल थेट जाळीत उतरतं; जंपर केबल लावायची. पेट्रोल भरवशाच्या पंपावर. स्पीडब्रेकरवर पोट घासू द्यायचं नाही, कारण आतली वीट कपबशीइतकीच ठिसूळ असते. शेतावर भाडं गेलं तर कडब्यावर, वाळक्या गवतावर गाडी उभी करायची नाही. चालून आलेल्या गाडीची जाळी गवत पेटवण्याइतकी तापलेली असते. महिन्यातून एकदा तरी हायवेची लांब फेरी हवी. नुसत्या गल्लीतल्या फेऱ्यांत जाळी पुरती तापतच नाही.

आणि एक गोष्ट फक्त पेठेतल्यांसाठी. आपल्या गल्ल्या अरुंद, दारं थेट रस्त्यावर. सकाळी गाडी सुरू करून दहा मिनिटं दारात गरम करत ठेवायची सवय सगळ्यांना आहे. पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत जाळी थंड असते, तेव्हाचा धूर सगळ्यात वाईट, आणि तो सरळ शेजारच्या स्वयंपाकघरात जातो. उभ्या गाडीत जाळी तापायलाही वेळ लागतो. दादा आता स्टार्ट करतो आणि लगेच हळूहळू निघतो. गेटवर पोरं येईपर्यंत इंजिन बंद. बाकीच्या सातांपैकी तिघं आता तसंच करतात. उरलेले म्हणतात, उकडतंय.

मागच्या महिन्यात त्यांच्यातल्याच एकाची गाडी घाट चढेना झाली. तो दादाकडे आला. “तू चाळीस हजार घातलास म्हणे. काय फरक पडला बे?”

दादानं थोडा विचार केला. “गाडीत म्हणशील तर काय नाही,” तो म्हणाला. “चल, तुझी कॉइल बघू आधी.”